आपल्या गावाचं नाव

फतेह मैदानाचे माळी तातेराव आल्यागेल्याला स्टेडियम दाखवायचे ते स्वतःचं घर दाखवावं तसं. पाहुण्याला मधोमध उभं करायचे आणि म्हणायचे, "आता आपल्या गावाला हाक मारा." गावाचं नाव चारी बाजूंनी घुमत परत यायचं.

मराठवाडा या शहराच्या राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच महिन्यात धाकटा भाऊ किशनराव त्यांना घरी न्यायला आला. भर दुपारी मैदानात उभं राहून त्यानं हाक मारली, "जिंतूर!" जिंतूर घुमलं.

"ऐकलंस ना दादा? आपलं गाव तिकडच्या राज्यात गेलं. इथं तुझं काय राहिलं आता?"

तातेरावांनी खुरपं खाली ठेवलं. इथली हिरवळ त्यांच्या हातची होती, पण स्वतः त्यांनी इथं कधीच हाक मारली नव्हती. छाती भरून ते ओरडले, "फतेह मैदान!"

काहीच घुमलं नाही. किशनराव हसणार, तोच रिकाम्या पायऱ्यांवरून आवाज आला, हजारो माणसं एकदम उठून उभी राहिल्याचा.

तातेराव ताठ उभे होते. डोळे भरून आले होते.

किशनरावानं त्यांचा दंड घट्ट धरला. "दादा," तो पुटपुटला, "त्यांना खाली बसायला सांग."