माणशी एक तास

साहेब, तुम्ही आम्हाला उघड उघड नागवायला बसला होता. आमच्या वस्तीतल्या पस्तीस बायांची नावं मतदार यादीतून उडाली. ती कुणाच्या अर्जावरून उडाली ते कागद मागितले, तर तुम्ही झेरॉक्सचे पाच हजार सांगितले. हरकतीची मुदत त्याच आठवड्यात संपत होती, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं.

पण तुमच्याच भिंतीवरच्या माहिती अधिकाराच्या फलकावर लिहिलंय, कागद बघायला पहिला तास फुकट. मग आम्ही प्रत्येकीनं वेगळा अर्ज टाकला.

सोमवारी केवळाबाई बसली. ती अक्षर लावून लावून मोठ्यानं वाचत होती, मी उतरवून घेत होते. तास भरल्यावर ती उठली, गुंफाबाई बसली.

"अहो, सगळ्या मिळून एकदाच बघा ना," तुम्ही म्हणालात.

"माणशी तास आहे, साहेब," गुंफाबाई म्हणाली. "आणि पंखा वाढवा जरा. तुमचं अक्षर वाचताना घाम फुटतोय."

व्हरांड्यात बाकीच्यांनी भाकऱ्या सोडल्या होत्या. तुमचा शिपाईही शेंगदाण्याची चटणी मागून खाऊन गेला.

चारच्या सुमारास तुम्ही हात जोडलेत. "न्या झेरॉक्स. पानाला दोन रुपये." सगळे मिळून एकशे चार झाले. परतताना जीपमध्ये बाया अशा गात सुटल्या की ड्रायव्हरनं आपली गाणी बंद केली.

त्या कागदांवरून आम्ही मुदतीत हरकत घेतली, आमची पस्तीस नावं परत आली. पण आमच्याआधी तुमचा आकडा ऐकून जे मुकाट घरी गेले, त्यांची नावं कोण परत घालणार? लेखी उत्तर द्या.