बाजार बंद झाला की

टीव्हीवर मुलगी जगभरच्या शेअरबाजारांचा पुढल्या वर्षाचा अंदाज सांगत होती. कापडाचं दुकान विकून घरी बसलेल्या बापाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. "काय म्हणते हो?" आईने विचारलं. "पुढलं वर्ष जड जाणार म्हणते. पण डोळे बघ तिचे, हेच जड गेलंय." कार्यक्रम संपताच त्याने फोन लावला. "घरी कधी येतेस?" "बाजार बंद झाला की येते, बाबा." "कुठला? एक मिटला की दुसऱ्या देशातला उघडतो. मी दारात गिऱ्हाईक असतानाही शटर ओढायचो. नाहीतर तुला शाळेतून कुणी आणलं असतं?" ती हसायला गेली आणि रडू लागली. दुपारी आली ती बुटांसकट कोचावर कलंडली. तिचा फोन वाजला. बापाने उचलला. "बाजार कोसळतोय, मॅडमना द्या!" "कोसळू द्या," बाप पुटपुटला, "आत्ताच तिचा डोळा लागलाय."