जांभळीची फांदी

रस्त्यात कोसळलेल्या जांभळीवर गावातला लाकूडतोड्या बाबली करवत ठेवणार, तोच वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या इंदुमतीबाई गाडीतून उतरून ओरडल्या, "थांबा!"

फांदीवर इवलंसं ऑर्किड फुललं होतं. त्यांनी भिंग लावलं. पिवळी पाकळी, कडेला पांढरी लव, तळाशी जांभळा ठिपका. ओळख पटली.

"बाई, रस्तो मोकळो करूचो हा."

"अहो, हे जगातून नाहीसं झालं असंच आम्ही समजत होतो. कदाचित हे एकच उरलं असेल."

मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. बाबलीने ती फांदी अलगद कापली आणि शेजारच्या आंब्यावर चढून आपल्याच दोरीने घट्ट बांधली.

पुढच्या वर्षी इंदुमतीबाईंनी देऊन ठेवलेल्या नंबरवर त्याचा फोन आला. "बाई, फुलला हा! बाजूक नवो कोंबय इलो हा."

"देव बरं करो तुमचं," इंदुमतीबाई म्हणाल्या.