वाढीव वॉरंटी

वाढीव वॉरंटी म्हणजे गिऱ्हाइकाच्या भीतीला लावलेली किंमत. वीस वर्षं काउंटरवर काढल्यावर मी केलेला हा अर्थ. चिकट माणूस ती कधीच घेत नाही.

काल आलेले काका म्हणजे भलताच नग. वॉशिंग मशीनच्या किमतीत घासाघीस, घरपोच भाड्यात घासाघीस, वर पाण्याची नळी फुकट. आणि वॉरंटीचं नाव काढलं, तर म्हणाले, "सगळ्यात लांबची कुठली?"

"दहा वर्षांची, काका."

"जरा मोठ्यानं सांगा, हिला ऐकू दे."

"दहा वर्षं, काकू!"

"अहो, दोन पुरेत की," काकू पुटपुटल्या.

"तू गप्प बस. दहा वर्षं तुलाच वापरायचंय. साहेब, कार्डावर हिचंच नाव घाला."

काकू हसल्या. मीही मनात हसलो. म्हातारा बायकोपुढे पाघळला, माझा मात्र फायदा झाला.

संध्याकाळी दुकानात काकूंचा फोन आला. अगदी दबक्या आवाजात बोलत होत्या.

"भाऊ, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये माझ्याऐवजी यांचं नाव घालाल का? पुढच्या वर्षी मशीन बिघडलं, तर तक्रार करायला मी नसेन. यांची उगाच धावपळ नको."

"घालतो, काकू. आणि कार्डावर?"



"कार्डावर माझंच राहू द्या. माझे रिपोर्ट कपाटात लपवलेत त्यांनी, मला काही ठाऊक नाही असं समजून."