जिन्यापर्यंत

"ऊठ म्हणतो ना. चप्पल घाल," टर्नर म्हणाला.

त्याची बायको खिडकीशी खुर्चीत बसली होती. पुढ्यातल्या चहाची वाफ निघत होती. तिने मान वळवली नाही. समोरच्या गच्चीवर कुणाची तरी चादर वाऱ्यावर फडफडत होती, तिकडे बघत राहिली.

टर्नर कारखान्यातल्या लेथवरून तसाच उठून आला होता. अंगात निळा डगला, हाताला तेल. सकाळपासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हिच्या छातीत दुखतं. जिना चढताना मध्येच कठडा धरून थांबते आणि वर आल्यावर सांगते, शेजारणीशी बोलत होते. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. पण जाईल तर शपथ.

हात तरी धुवून यायचं होतं, असं ती म्हणाली.

तिथून त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. गाढवाला इतक्या वेळा सांगितलं असतं तर ते स्वतः जाऊन नंबर लावून आलं असतं, तो म्हणाला. मग गाढवाशीच लग्न करायचं होतं, असं ती म्हणाली. आणि थोडं थांबून, "तसं मीही तेच केलंय म्हणा."

त्याला हसू येत होतं, त्यामुळे तो आणखी चिडला. हसला असता तर भांडण तिथेच संपलं असतं. या घरात भांडणं अशीच संपायची आणि काम तसंच राहून जायचं.

मला काही झालेलं नाही, ती सांगत होती. जिवाला फार झालं की मी इथे बसते. मन कुठेतरी हिंडतं, माहेरच्या अंगणात जातं, पोरगी लहान होती त्या दिवसांत जातं. परत आलं की बरं वाटतं.

"तुमच्या त्या कंपनीतल्या बाई तरी वेगळं काय सांगतात?"

बाई तेच सांगायच्या. त्यांना कंपनीने ठेवलं होतं. जेवणाच्या सुट्टीनंतर त्या सगळ्यांना गोल बसवायच्या, कामाचा ताण कमी व्हावा म्हणून. मनाला मोकळं सोडा, म्हणायच्या, जाईल तिथे जाऊ द्या, ओढून आणू नका. टर्नरच्या तळपायाची आग मस्तकात जायची. लेथवर मन भटकलं की बोट जातं, हे त्या बाईंना कुणी सांगायचं? आणि कंपनीने आधी निम्मी माणसं घरी पाठवली. उरलेल्यांवर दुप्पट काम टाकलं. मग त्यांचा ताण घालवायला बाई आणली. घर जाळायचं आणि मग फुंकर मारायला माणूस ठेवायचा, असला प्रकार.

"मन हिंडवून छातीतली कळ जात नाही," तो ओरडला. "त्याला डॉक्टर लागतो."

"हळू बोला. पोरीच्या कानावर गेलं तर तान्ह्या बाळाला घेऊन धावत येईल."

"येऊ दे. ती तरी तुला ओढून नेईल."

"ती तुमचीच मुलगी. ती पण नुसती ओरडेल."

चहाची वाफ अजून निघतच होती. टर्नरने आवाज खाली आणला. लेथवर कडक लोखंड एकदम खोल कापायला गेलं की हत्यार तुटतं. पातळ काप घ्यायचा, मागे यायचं, पुन्हा पातळ घ्यायचा. हिच्या बाबतीतही तो तसंच करत होता. परवा ती नुसती ऐकून घेत बसली. काल खुर्चीतून उठली, आणि भांड्यांचं निमित्त काढून स्वयंपाकघरात गेली. काल त्याने दातओठ खाल्ले होते. आज तो स्वयंपाकघराच्या वाटेतच उभा राहिला.

"काय ते एकदा सांग," तो म्हणाला. "का येत नाहीस?"

तिने कप बाजूला सरकवला.

"भीती वाटते. तिथे गेलं की काहीतरी निघतंच."

हे ती आजवर कधी बोलली नव्हती. त्याला तिचा राग आला, स्वतःचाही आला.

"निघू दे. मी बाहेर बसेन ना."

"बाहेर बसून तुम्ही कंपाउंडरशी भांडाल."

"भांडेन. त्याच्याशी भांडेन, डॉक्टरशी भांडेन. तू फक्त चल."

ती उठली. पायात चप्पल सरकवली, एकदा उलटी घातली, पुन्हा नीट घातली. खिडकी लावून घेतली. दारात येऊन म्हणाली, घाई करू नका हं. तो म्हणाला, घाई करायला तू मला ठेवलंयस कुठे. ती हसली आणि तिने त्याचा हात धरला, तेलाचा होता तसाच. दोघं जिन्याच्या पहिल्या पायरीवर आली.

घंटी वाजली.

"आता सावकाश डोळे उघडा," बाई म्हणाल्या.

गोलात बसलेल्यांनी डोळे चोळले. स्टोअरकीपर समुद्रावर जाऊन आला होता. फोरमनने आपल्याला डुलकी लागल्याचं कबूल केलं, तेव्हा सगळे हसले. टर्नर ताडकन उठला. त्याची खुर्ची मागे आडवी पडली. बाईंनी विचारलं, तुम्ही कुठे जाऊन आलात, आणि इतके चिडलात का.

"जिन्यापर्यंत आणली होती तिला," तो म्हणाला. "कशीबशी आणली होती."

बाईंना काही कळेना. फोरमनने त्यांच्याकडे वाकून हळूच सांगितलं, याची बायको गेल्या वर्षी वारली, हा कामावर असताना.

"उद्या घंटी उशिरा वाजवा," टर्नर म्हणाला. "तिला उतरायला वेळ लागतो."