पहिले हजार मैल

मिलिटरीतून पेन्शनीवर आलेल्या आकारामानं नवीकोरी फटफटी घेतली आणि सांगलीहून पलूसला येईस्तोवर तो तिच्या पार प्रेमात पडला. उसाच्या रानातल्या गाडीवाटेनं, ढेकळांना वळसे घालत तो तिला असा चालवत होता, जसं काही मांडीवर बाळ निजलंय. बायको हरणाबाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन पाठोपाठ येत होती, आणि पायी असूनही मागं पडत नव्हती.

"आवं, भारा तेवढा मागं बांधा की. मान मोडाय आलीया."

"खुळी का काय तू? पयलं हजार मैल वझं घालायचं न्हाई, पळवायचं न्हाई. कोवळं इंजन हाय. अंग धरूस्तवर लय जपाय लागतं."

"आसं कोण म्हनतंय?"

"कंपनीनं पुस्तकच दिलंय संगं!" आकारामानं थांबून टाकीवरची धूळ फेट्याच्या शेमल्यानं अलगद पुसली.

हरणाबाईनं भारा सावरला.

"माझ्या बानं बी माझ्यासंगं तसलं पुस्तक धाडाय पायजे हुतं. अंगावरची हळद वाळायच्या आत तुमी मला उसाच्या मोळ्या उचलाय लावल्या."