पूर्णेचं पाणी गोड झालं

भगवंतरावांनी पहिली गाडी पूर्णेच्या पात्रात घातली, तोच माणिकबाई बैलांपुढे आडवी आली.

"थांबा भाऊ. पूर येऊन राह्यला."

भगवंतरावांनी वर पाहिलं. ज्येष्ठाचं कोरडं ठाक आभाळ. मागे अकोटाहून निघालेल्या चाळीस गाड्या, रुईनं ठासून भरलेल्या. समोर जेमतेम गुडघाभर पाणी. आज अकोला गाठलं तर सोन्याचा भाव. अमेरिकेतल्या लढाईनं तिकडचा कापूस अडला होता; ती मिटली, की तोच भाव मातीत. अन् ही नदीच्या वाळूत टरबुजं लावणारी माळीण त्यांना अडवते!

"तुले कोनं सांगतलं? आभायानं?"

"पाण्यानं. उन्हाळाभर खारट असते हे. सकाळीबी खारटच होतं. आता चाखलं, तं गोड लागते. हे डोंगराचं पाणी हाय भाऊ. मेळघाटात पाऊस पडला."

गाडीवान खो खो हसले.

"सरक बाजूले," भगवंतराव म्हणाले.

ती सरकली. भांडली नाही, शपथा घातल्या नाहीत. वाडीत शिरली आणि टरबुजं तोडायला लागली. कच्ची, मुठीएवढीसुद्धा. टोपलं भरायची, दरडीवर नेऊन रितं करायची, पुन्हा पळत खाली.

भगवंतराव जन्माचे शेतकरी. हातातोंडाशी आलेलं पीक कोणी गमतीनं तोडत नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी कासरा ओढला.

"गाड्या मागं घ्या! अरे, मागं घ्या म्हनतो ना!"

त्यांची स्वतःची गाडी सगळ्यात शेवटी दरडीवर चढली, आणि नदी आली. तांबडी, ओंडके लोटत, काठ खात. वाडी, कुंपण, खोपी, सगळं डोळ्यांदेखत गेलं. माणिकबाई हिरव्या टरबुजांच्या ढिगाशी धापा टाकत बसली होती. काय बाई म्हणावी ही! स्वतःचं पीक बुडणार असताना आधी दुसऱ्यांच्या बैलांपुढे उभी राहिली.

आता कोणी हसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पाणी पुन्हा गुडघ्यावर आलं. भाव उतरायला लागला, असं पलीकडच्या काठावरून कोणीतरी ओरडून सांगत होतं. चाळीस गाड्या जुंपून तयार होत्या. भगवंतरावांनी पागोटं सारखं केलं आणि माणिकबाईपुढे जाऊन उभे राहिले.

"बाई, जाऊ काय आता आमी?"

ती पात्रात उतरली, चार पावलं चालली, पायानं तळ चाचपला.

"गाळ हाय. बैल फसतीन. उद्या जा."

भगवंतराव वळले, आणि त्यांनी आधी स्वतःचे बैल सोडले.